उन्हाच्या आत केदार

केदारला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या मुरुमात लोक वाकून नमस्कार करतात. मीही ते पुष्कळ घेतले. पहिले आठ दिवस तर दारातून आत येणारा जो तो आधी माझ्या पायांना हात लावायचा आणि मग अण्णांची आठवण काढून डोळे पुसायचा. हेच पाय अण्णा पडले तेव्हा त्यांच्या मागं दहा हातांवर धडधाकट उभे होते, हे कुणाच्या मनात येत नव्हतं. माझ्या मनातून ते घटकाभरही जात नव्हतं. त्याला आता काही वर्षं झाली. मधल्या काळात निजामाचा अंमलही गेला. पण आमच्या भागातली माणसं अजून केदारला जातात आणि निघण्याआधी मला वाट विचारायला येतात. वाट मी सांगतो. बाकीचं तोंडातून निघत नाही, ते इथं लिहून ठेवतो.

मुरुमहून निघताना

अण्णा माझे थोरले भाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळं नावाला भाऊ, पण बाप तेच. मुरुमच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि मी तिथल्याच शाळेत शिकवत होतो. मला ते घरातसुद्धा 'मास्तर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही लिंगायत. केदारच्या देवळात पूजेला आमच्याच पंथातला माणूस असतो, तो दूर दक्षिणेतून, कानडी मुलखातून तिकडं जातो, हे अण्णांनी लहानपणी एका जंगमाकडून ऐकलं होतं. ते त्यांच्या डोक्यात पन्नास वर्षं घर करून बसलं होतं. "आपला माणूस तिकडं बर्फात देव पुजतोय आन आपण हितं मिरच्या तोलतोय," असं म्हणत म्हणत साठी जवळ आली, तेव्हा कुठं ते हट्टाला पेटले. मला शाळेतून महिन्याभराची रुखसत मिळाली. एक दिवस वर झाला तर नोकरीचं काही खरं नाही, असं सदर मुदर्रिसांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, तोंडावर सांगितलं.

वहिनींनी चार दिवस खपून कडक भाकरी भाजल्या. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या, वर शेंगांच्या चटणीचा डबा. निघताना त्या अण्णांशी काही बोलल्या नाहीत. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, जसं नेताय तसं आणा." मी हसून मान डोलावली. तेवढ्या एका वाक्यावर आमचा सगळा प्रवास तोलला होता, पण तेव्हा मला ते बायकांचं नेहमीचं बोलणं वाटलं.

वैशाखात आमच्याकडं प्रवास म्हणजे उन्हाच्या आत. पहाटे गाडी जुंपायची आणि ऊन तापायच्या आत सावली गाठायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. हमरस्त्यापर्यंत बैलगाडी, पुढं कोळशावर चालणारी मोटार. जळकोटला ती थांबली तेव्हा ऊन अजून बाभळींच्या शेंड्यावर होतं. अण्णा खूष होऊन म्हणाले, "बघ मास्तर, जो उन्हाच्या आत निघाला त्यो पोचला." जकातीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायानं आमची बोचकी उसकली आणि विचारलं, "कां को जारे चाचा?" अण्णा म्हणाले, केदारला. "वां क्या है?" "बर्फ." शिपाई पोट धरून हसला. "अरे चाचा, बर्फ तो सोलापूर में बी मिलता!" अण्णाही हसले. खरं म्हणजे दोघांनी बर्फ पाहिला होता तो तेवढाच, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, सरबतात टाकायचा. मीही त्याहून जास्त पाहिला नव्हता.

रुद्रप्रयागच्या पुढं

आगगाडीचं आणि मोटारीचं काही सांगत नाही. धूर, गर्दी आणि ओकाऱ्या, दुसरं त्यात काही नव्हतं. रुद्रप्रयागच्या पुढं पायवाट लागली आणि अण्णांचा चेहरा उजळला. सामानासाठी आम्ही बीरसिंग नावाचा कंडीवाला ठरवला. कंडी म्हणजे पाठीवर बांधायची वेताची खोल टोपली. थकलेल्या यात्रेकरूलाही तीत बसवून वर नेतात. बसणाऱ्याची पाठ वाहणाऱ्याच्या पाठीला लागलेली असते, त्यामुळं तो मागं सुटलेली वाट बघत पुढं जातो. अण्णांना त्याची फार गंमत वाटली. "म्या न्हाय बसणार बाबा तसं," ते म्हणाले, "देवाकडं पाठ करून देवाला कोण जातं?"

बीरसिंग पन्नाशीचा, बुटका, अबोल गडी. आमची दखनी आणि त्याची पहाडी हिंदी यांचं सूत दोन दिवसांत जमलं. दर तीन-चार मैलांवर चट्टी लागे. चट्टी म्हणजे वाटेवरचं दुकान. तिथं डाळ-तांदूळ घ्यायचे, भांडी दुकानदार देतो, आपलं आपण शिजवायचं आणि त्याच्याच ओसरीत पथारी टाकायची. कुणी कुणाची जात विचारत नाही, हे बघून मला आश्चर्य वाटलं. आमच्याकडं एवढ्या वेळात आजोळसुद्धा विचारून झालं असतं. एका चट्टीवाल्याला अण्णांनी कडक भाकर दिली. त्यानं ती तव्यावर पुन्हा तळायला घेतली. अण्णांनी झडप घालून ती सोडवली आणि त्याला चटणीबरोबर खायला घातली. त्यावर त्यानं आमच्याकडून डाळीचं काही घेतलं नाही.

अण्णा चालायला वाघ होते. काळ्या रानातला माणूस. श्रावणात आमच्या शेतातून वाट काढणं म्हणजे गुडघाभर चिकणमाती, तिथं अंगठा रुतवून, टाचेवर भार देऊन चालावं लागतं. अण्णा त्यात डोक्यावर पोतं घेऊन कधी पडले नव्हते. चढणीवर मी धापा टाकत असायचो आणि ते पुढच्या वळणावर काठी टेकून उभे. मला इतकं बरं वाटत होतं त्यांच्याकडं बघून की, शाळा, रुखसत, सगळं विसरायला झालं होतं.

रामवाडा

गौरीकुंडाच्या पुढं थंडी चावायला लागली. रामवाड्याच्या अलीकडं वाटेवर पहिला बर्फ लागला. देवळाची दारं नुकतीच उघडली होती आणि हिवाळ्याचा बर्फ अजून ओघळींत साचून होता. वरून मळका, माती लागलेला, जुन्या कापसाच्या ढिगासारखा. "ह्योच का त्यो?" अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. मी मास्तरकीच्या तोऱ्यात त्यावर पाऊल टाकलं आणि पुढच्या क्षणी आडवा. दोन्ही पाय आभाळाकडं. अण्णा असे हसले की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. त्यांचं तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

त्या तिसऱ्या प्रहरी बीरसिंगनं आम्हाला बर्फावर चालायला शिकवलं. मागून जाणाऱ्यांसाठी ते जसंच्या तसं सांगतो. चिखलातलं चालणं विसरा. टाच रोवू नका, अंगठा दाबू नका, सगळा तळवा एकदम टेकवा. पाऊल लहान, गुडघे थोडे वाकलेले, आधी काठी, मग पाय. वहाणेवरून गवताची दोरी चार वेढे घट्ट गुंडाळा. दुसऱ्याच्या पावलांनी गुळगुळीत झालेली वाट सोडा, कडेच्या खरबरीत बर्फावरून जा. पाय सुटलाच तर उभं राहायची धडपड करू नका, तिथंच बसा, बूड टेकवा. लाज गेली तरी चालेल. काठी सोडू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हात मोकळे ठेवा.

अण्णा पटकन शिकले, माझ्या आधी. पण एक गोष्ट मला दिसली. पाय जरा डगमगला की त्यांचा डावा हात छातीवर जायचा. आमच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. रोज आंघोळीनंतर ते तळहातावर घेऊन पुजायचं आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. माझ्याही गळ्यात होतं. पण माझा हात तिकडं जात नव्हता, अण्णांचा जात होता. बीरसिंगलाही ते दिसलं. "बाबा, हाथ खुला रखो," तो दोनदा म्हणाला. अण्णा नुसतं "व्हय, व्हय" म्हणाले.

मला वाटलं, भक्ती आहे. आणि धाकट्या भावानं थोरल्याला लिंगावरचा हात काढा म्हणून कसं सांगायचं? माझी जीभ उचलली नाही. ती तेव्हा उचलायला हवी होती.

चट्टीत शिरताना बीरसिंग म्हणाला, "कल धूप लगने के बाद निकलेंगे. धूप लगेगी तो बर्फ नरम पड़ेगी." पुढं एक मोठी ओघळ बर्फानं भरली आहे, पहाटे ती काचेसारखी कडक असते, ऊन लागलं की पाऊल रुततं, असं त्यानं हातवारे करून समजावलं. मी मनात म्हटलं, गडी आळशी दिसतो. परतायला दिवस मोजके होते. त्यात जन्मभर डोक्यात एकच बसलेलं: शहाणा माणूस उन्हाच्या आत निघतो.

ओघळ

उजाडता उजाडता मी अण्णांना उठवलं. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. अण्णा कांबळं ओढून म्हणाले, "त्यो म्हणतूय ऊन पडूं दे म्हणून." मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीच म्हणता ना, उन्हाच्या आत निघाला तो पोचला?" त्यांचंच वाक्य त्यांना परत दिलं. ते उठले. बीरसिंग कुरकुरला, पण आम्ही निघालोच म्हटल्यावर कंडी उचलून पुढं झाला.

ओघळीपाशी पोचलो तेव्हा समोरच्या डोंगराच्या टोकावर ऊन होतं आणि आमच्या अंगावर सावली. बर्फाचा उतार वरून खाली दगडांत गेलेला, मधून माणसांच्या पावलांनी पडलेली हातभर रुंदीची वाट, रात्रीतून गोठून चकचकीत झालेली. बीरसिंग म्हणाला, तुम्ही इथं उभे राहा, मी सामान पलीकडं ठेवून येतो, एकेकाला हाताला धरून नेतो. तो निम्म्यात गेला असेल. माझ्या पायांची बोटं थंडीनं बधिर झाली होती, उभं राहवत नव्हतं. मी म्हणालो, "चला अण्णा, हळूहळू निघू या."

अण्णा पुढं, मी मागं. सात-आठ पावलं त्यांनी अगदी शिकवल्यासारखी टाकली. नंतर डावा पाय सुटला. फार नाही, वीतभर. बसले असते तर तिथंच थांबले असते. काठी धरून ठेवली असती तरी थांबले असते. काठीचं लोखंडी टोक बर्फात चांगलं रुतलेलं होतं. त्यांनी ती सोडली आणि दोन्ही हातांनी छाती धरली. मग ते घसरत खाली गेले. ओरडले नाहीत. तीस-चाळीस हात खाली दगडावर आवाज झाला. काठी माझ्यापुढं तशीच उभी होती.

बीरसिंग कंडी टाकून बसत, सरकत खाली गेला. मला तो ओरडून सांगत होता की हलू नको, आणि मी खरोखरच हललो नाही. त्यानं अण्णांना खांद्यावर घेऊन पलीकडच्या काठावर आणलं, मग मला हाताला धरून नेलं. डोक्याला मागं खोक पडली होती आणि एक पाय वेडावाकडा झाला होता. मी धोतर फाडून डोकं बांधलं. अण्णांनी डोळे उघडले. "मास्तर, तू पडला न्हाईस न्हवं?" म्हणाले. मी नाही म्हणालो. "मग बरं झालं."

आम्ही त्यांचा पाय बांधत होतो तेवढ्यात ऊन ओघळीवर उतरलं. थोड्या वेळात मागून बंगाली यात्रेकरूंची एक तुकडी आली. त्यात माझ्या आईच्या वयाची एक बाई होती. ती काठी टेकत, जोडीदारणीशी गप्पा मारत ती ओघळ पार करून आली. तिची पावलं बर्फात घोट्यापर्यंत रुतत होती. मी त्या पावलांकडं बघत राहिलो. देवावर राग आला नाही, स्वतःवर आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

केदार

खाली न्यायचं तर तीच ओघळ पुन्हा ओलांडायची, म्हणून बीरसिंगनं वर न्यायचं ठरवलं. सामान तिथंच टाकलं आणि अण्णांना कंडीत बसवलं. मी मागून चालत होतो, त्यामुळं सबंध वाटभर अण्णांचं तोंड माझ्याकडं होतं. ते शुद्धीत होते. मधून मधून पाणी मागत. एका चढावर मी वर पाहिलं तर पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी देऊळ उभं. मी म्हणालो, "अण्णा, दिसलं!" त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, वळली नाही.

बीरसिंगला मी काही सांगितलं नव्हतं. तो थांबला, काठीवर भार दिला आणि ओझ्यासकट हळूहळू उलटा फिरला. त्याचं तोंड खालच्या वाटेकडं झालं आणि अण्णांचं देवळाकडं. तसा तो कितीतरी वेळ उभा राहिला, पाय थरथरत होते तरी. अण्णांनी दोन्ही हात जोडले. त्यांना कितपत दिसलं ते मला माहीत नाही. बीरसिंगसारखा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

देवळाजवळच्या धर्मशाळेत आम्ही त्यांना टेकवलं. दुपार व्हायच्या आत ते गेले. माझा हात त्यांच्या हातात होता. त्यांचा दुसरा हात तेव्हाही छातीवरच होता.

कुणीतरी देवळात कळवलं असावं. भस्म लावलेले एक वयस्क पुजारी आले. अण्णांच्या गळ्याकडं बघून ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "याव ऊरु निम्मदु?" तुमचं गाव कोणतं? त्या उंच, परक्या, पांढऱ्या मुलखात माझ्या आजीच्या भाषेत मला गाव विचारलं. तोवर मी रडलो नव्हतो. मुरुम एवढा एक शब्द सांगायला मला फार वेळ लागला.

आम्ही मेलेल्याला जाळत नाही. बसलेल्या स्थितीत, डाव्या तळहातावर लिंग ठेवून पुरतो. बीरसिंगला ते नवीन होतं. वर बर्फ आणि खाली गोठलेली माती. पहारीचा घाव घातला की ठिणग्या उडत. आमच्या काळ्या रानात दोन माणसं घटकेत खड्डा करतात, इथं पाच जणांना संध्याकाळ झाली. बीरसिंगनं शेवटपर्यंत पहार सोडली नाही. बेलाची पानं तिथं कुठली असणार? पुजाऱ्यांनी पूजेतली वाळलेली दोन दिली. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर येईपर्यंत मी दारात बसून राहिलो आणि मग उतरलो.

पुन्हा मुरुम

गावात मी सांगितलं ते एवढंच: अण्णा केदारच्या वाटेवर घसरले आणि देवळापाशी त्यांनी देह ठेवला. "केवढं पुण्य! असं मरण कुणाला येतं?" लोक म्हणत. शाळेतही रुखसत वाढल्याचं कुणी काढलं नाही, हेडमास्तर स्वतः भेटायला आले. ज्या दिवसांसाठी मी घाई केली ते दिवस असे फुकट मिळाले.

वहिनींनी मात्र पुण्याचा एक शब्द काढला नव्हता. तेरा-चौदा दिवसांनी घर रिकामं झालं. त्या परसात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. ऊन पडू दे म्हणून बीरसिंग म्हणत होता, अण्णाही म्हणाले, मी ऐकलं नाही, मी उठवलं, ओघळीवर थांबायचं सोडून मीच चला म्हणालो. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तूर निवडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "पडताना हात कुठं व्हता त्यांचा?"

"लिंगावर."

"म्हंजी काठी सोडली."

"हो."

सूप त्यांनी खाली ठेवलं. "दारा जुना झाला व्हता, भावजी." लिंग ओवायच्या दोऱ्याला आमच्याकडं दारा म्हणतात. "निघायच्या आदी मला दोनदा म्हणाले, नवा वळून दे, ह्यो तुटंल. म्या भाकरीच्या नादात. शेवटच्या दिशी म्हणाले, राहू दे, म्या जरा हातानं सांभाळीन."

त्या दिवसांत मला कुणाचं दुःख हलकं करता येईल असं वाटत नव्हतं. हे एक करता येईल असं वाटलं, आणि जे सांगणार होतो ते खरंही होतं. मी घाईनं म्हणालो, "वहिनी, दारा तुटला नव्हता. पुरताना मी माझ्या हातानं गळ्यातून काढला. ओढून बघितला. चांगला घट्ट होता, मलासुद्धा तुटला नाही. तुमची काही चूक नाही."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्यावरून उडाली, आणि त्या दिवसापर्यंत न रडलेली ती बाई समोर अण्णा बसले असल्यासारखी, चिडून, भांडल्यासारखी म्हणाली, "तुटला न्हवता, तर सोडायचा व्हता की हो हात!"